तीन पिढ्यांची आरोग्य-वंशावळ कशी काढायची आणि कशी वाचायची

जनुकीय तपासणीवर हजारो रुपये खर्च करण्याआधी एक काम घरीच होतं. त्यासाठी एक मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि जुन्या गोष्टी लख्ख आठवणारी एखादी आजी किंवा आत्या पुरते. तीन पिढ्या कागदावर नीट मांडल्या की आजार कोणत्या वाटेनं चालत आला आहे हे बऱ्याचदा डोळ्यांना दिसतं, आणि कोणाची कोणती तपासणी करायची हेही त्यावरून ठरतं. लग्न ठरवताना, मूल होऊ देण्याचा विचार करताना, घरात एखादं मूल सतत आजारी असताना किंवा वारंवार गर्भपात होत असताना हा कागद तयार हवा.

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहायची जुनी परंपरा आहे, पण जुन्या कुलवृत्तांतांचा इथे फारसा उपयोग होत नाही. त्यांत मुलगे, नातू, पणतू सापडतात. लेकीचं लग्न झालं की तिची रेघ तिथेच तुटते, आणि सहा महिन्यांचं होऊन गेलेलं बाळ तर नोंदलेलंच नसतं. आनुवंशिक आजार शोधताना नेमकी हीच माणसं हवी असतात. म्हणून जुनी वंशावळ उतरवून घेऊ नका, कोरा कागद घ्या.

मांडणी

कागद आडवा धरा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. लिंग माहीत नसेल तर शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन. गर्भपात झाला असेल तर छोटा त्रिकोण. आजारी व्यक्तीची आकृती पूर्ण काळी करा. आजार नाही पण तपासणीत वाहक (अंगात बिघडलेलं जनुक असून स्वतः निरोगी) निघालेली व्यक्ती असेल तर आकृती अर्धी काळी करा. व्यक्ती हयात नसेल तर आकृतीवर तिरपी रेघ मारा आणि खाली मृत्यूचं वय लिहा. ज्या व्यक्तीमुळे हा सगळा शोध सुरू झाला तिच्याकडे बाण काढा. नवरा-बायकोला जोडणारी रेघ आडवी. ती दोघं लग्नाआधीच नात्यातली असतील तर रेघ दुहेरी. ही दुहेरी रेघ विसरू नका, पुढचं अर्धं गणित तिच्यावर आहे.

एका पिढीतले सगळे एकाच ओळीत यायला हवेत. भावंडं डावीकडून उजवीकडे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. सर्वांत वरच्या ओळीला १, त्याखालच्या ओळीला २ असे आकडे द्या, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून क्रमांक टाका. २-३ म्हटलं की दुसऱ्या पिढीतली तिसरी व्यक्ती. नावांऐवजी हे क्रमांक वापरले तर कागद डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवताना कोणाचं खासगीपण उघडं पडत नाही.

सुरुवात सर्वांत खालच्या ओळीपासून करा. आधी आजारी मूल आणि त्याची भावंडं, मग आई-वडील, मग आईची भावंडं एका बाजूला, वडिलांची दुसऱ्या बाजूला, त्या सगळ्यांची मुलं, आणि शेवटी वर चारही आजी-आजोबा. आजी-आजोबांपासून सुरुवात केली तर जागा हमखास अपुरी पडते आणि धाकट्या मावशीची मुलं कागदाच्या कडेला कोंबावी लागतात.

या कामात मराठीची मोठी मदत होते. आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ ही चार नाती आपल्याकडे चार शब्दांनी वेगळी आहेत, आणि आनुवंशिकतेत ती खरोखरच वेगळी आहेत. मावसभावाला झालेला आजार आणि चुलतभावाला झालेला आजार यांचा अर्थ एकच नसतो. म्हणून सांगणारा नुसतं "कझिन" म्हणाला तर थांबवून विचारा: आते की मामे, चुलत की मावस?

काय विचारायचं, कसं विचारायचं

"घरात कोणाला आनुवंशिक आजार आहे का?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: नाही. आजाराचं नाव विचारू नका, काय होत होतं ते विचारा. कोणाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागायचं का? लहान मुलाच्या हातापायांची बोटं सुजून ते रात्रभर रडायचं का? डोळे कायम पिवळे दिसायचे का? दात पडल्यावर किंवा मुका मार लागल्यावर रक्त थांबत नसे का? चालायला लागलेलं मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर जिन्यावर अडखळू लागलं का? कोणी जन्मापासून ऐकू न येणारं होतं का? "बाहेरची बाधा झाली", "तापात गेलं", "अंगात रक्तच नव्हतं" ही उत्तरं मिळाली तरी जशीच्या तशी लिहा. त्यांच्यामागे बऱ्याचदा खरा आजार असतो.

प्रत्येक व्यक्तीसाठी चार गोष्टी हव्यात: आजचं किंवा मृत्यूच्या वेळचं वय, आजार सुरू झाला तेव्हाचं वय, मूळ गाव, आणि माहिती कुठून आली. कागदपत्र स्वतः पाहिलं असेल तर तशी खूण करा, ऐकीव असेल तर प्रश्नचिन्ह. दत्तक मूल, दुसरं लग्न, सावत्र भावंडं ही माहिती हळुवारपणे पण नक्की विचारा. ती लपली तर सगळा निष्कर्ष उलटा निघू शकतो.

हे प्रश्न भरल्या घरात विचारू नयेत. गेलेल्या बाळांबद्दल आईशी एकटीशीच बोलावं. आणि कोणाच्या "बाजूने" आजार आला याचा न्यायनिवाडा करायला हा कागद नाही. प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात काही बिघडलेली जनुकं असतातच. ती कोणाला दिसली आणि कोणाला नाही, एवढाच फरक. सुनेला बोल लावणारं घर उरलेली माहिती कधीच मिळवू शकत नाही.

वाचण्यापुरतं शास्त्र

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. त्यांवर प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. त्यामुळे बहुतेक जनुकांच्याही दोन प्रती असतात. तेविसावी जोडी वेगळी: स्त्रीत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. एक प्रत बिघडली तरी आजार होतो, दोन्ही बिघडाव्या लागतात, की बिघडलेली प्रत एक्सवर आहे, यावर वंशावळीतलं चित्र ठरतं.

काळ्या आकृत्या एकाच ओळीत दिसल्या तर

आजारी मुलं फक्त एकाच पिढीत, आई-वडील निरोगी, मुलगे-मुली दोघांनाही आजार, आणि वर कुठेतरी दुहेरी रेघ. हे अप्रभावी वारशाचं चित्र, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच आजार होतो. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार याच प्रकारचे. दोन्हींतला बिघाड अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिन-साखळीच्या) जनुकात असतो. सिकलसेलमध्ये साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच, पण तांबडी पेशी विळ्यासारखी वाकायला तो पुरेसा होतो.

आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, पूर्ण मोकळं असण्याची २५ टक्के. इथे सर्वांत जास्त गैरसमज होतो. "चारांतलं एक झालं, आता पुढची तीन चांगली" असं नसतं. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं उचलली जाते. पहिली दोन्ही मुलं आजारी निघालेली घरंही असतात.

आता आजारी मुलाचा निरोगी भाऊ लग्नाचा झाला आहे असं धरू. तो वाहक असण्याची शक्यता १/२ नाही, २/३ आहे, कारण तो आजारी नाही हे कळल्यावर उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन वाहकाच्या आहेत. नात्याबाहेरची मुलगी, जिच्या समाजात २५ जणांमागे एक वाहक आहे, ती केली तर बाळ आजारी असण्याची शक्यता २/३ × १/२५ × १/४, म्हणजे १५० मध्ये १. तोच मुलगा मामाची मुलगी करणार असेल तर हिशेब बदलतो. त्याची आई नक्की वाहक आहे, म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता १/२ आणि मामाच्या मुलीची १/४. २/३ × १/४ × १/४ म्हणजे २४ मध्ये १. धोका सहापटीहून जास्त.

मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, म्हणून "रक्त वेगळं" असं बरेच जण मानतात. गोत्र बापाच्या एका रेघेनं चालतं, जनुकं चारही आजी-आजोबांकडून येतात. आते-मामे भावंडांत १/८ जनुकं सामाईक असतात, चुलत भावंडांत असतात तितकीच. गोत्र जुळतं की नाही यावरून जनुकांबद्दल काहीच कळत नाही. रक्तगट एकच असणं हाही लग्नाला अडसर नाही. फक्त आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर गर्भारपणात साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं.

वरचे अपूर्णांक तपासणीपर्यंतच कामाचे. दोघांची तपासणी झाली की १/२४ चं एक तर १/४ होतं, नाही तर जवळपास शून्य. म्हणून लग्न मोडायचं की नाही या वादात पडण्याआधी रक्त तपासा.

रक्ताची तपासणी आणि ती कुठे चुकते

आधी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिमोग्लोबिनपेक्षा पेशीच्या आकाराकडे बघा. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० फेम्टोलिटरच्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ पिकोग्रॅमच्या खाली आणि तरीही तांबड्या पेशींची संख्या ५० लाखांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे वाहक असण्याचा, संशय घ्या. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं (दशलक्षांत) भागा. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाकडे कल, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. हा फक्त कल झाला, निदान नव्हे.

निदानासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी. त्यात हिमोग्लोबिन ए-२ चं प्रमाण ४ टक्के किंवा जास्त असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक. ३.५ ते ३.९ ही सीमारेषा, तिथे घाई करू नये. लोह फार कमी असेल तर ए-२ खाली येतं आणि वाहक सुटून जातो. म्हणून लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून पुन्हा तपासणी करतात. गर्भारपणात थांबायला वेळ नसतो, तेव्हा थेट जनुकाची तपासणी करावी. बी-१२ ची कमतरता उलट ए-२ थोडं वाढवते. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर अहवाल त्या माणसाचा राहत नाही, रक्तदात्याचा मिसळतो. अशा वेळी आजारी मुलाऐवजी आई-वडिलांचं रक्त तपासून निदान करता येतं.

सिकलसेलसाठी गावपातळीवर सोल्युबिलिटी चाचणी करतात. नळीतलं मिश्रण गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. या चाचणीला एएस (एक प्रत नेहमीची ए, एक सिकलची एस: वाहक) आणि एसएस (दोन्ही सिकलच्या: आजारी) यांतला फरक कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि खूप रक्तक्षय असलेल्या माणसात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची एचपीएलसी झालीच पाहिजे. एएस म्हणजे वाहकात एस साधारण ३० ते ४० टक्के आणि ए त्याहून जास्त. रक्त चढवलेलं नसताना ए पेक्षा एस जास्त दिसला तर तो साधा वाहक नाही, सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र असण्याची शक्यता बघा.

इथे एक घातक चूक होते. "मुलगा सिकलसेलचा वाहक आहे, पण मुलीला सिकल नाही, नुसता थॅलेसेमिया मायनर आहे, मग हरकत नाही." हरकत आहे. एक एएस आणि दुसरा थॅलेसेमिया वाहक असेल तर २५ टक्के मुलांना सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, आणि त्याचे काही प्रकार एसएसइतकेच त्रासदायक असतात. दोघांचे अहवाल नेहमी शेजारी ठेवून वाचा.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांतलं मूळ गाव वंशावळीत दिसलं तर, कुटुंब आता पुण्या-मुंबईत असलं तरी, सिकलसेलची तपासणी करून घ्या. आजार फक्त आदिवासींत असतो असं नाही, विदर्भातल्या अनेक बिगर-आदिवासी समाजांतही तो आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाची आठवण आधी ठेवा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेखाली सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. हिमोग्लोबिनचे अवघड नमुने उलगडण्यासाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे.

फक्त मुलगे आजारी असतील तर मामाकडे बघा

आजारी मुलगा, त्याचा मामा, मावसभाऊ, आईचा मामा अशा काळ्या चौकोनांची रांग दिसली आणि मधल्या सगळ्या स्त्रिया निरोगी असल्या तर बिघाड एक्सवर आहे. हिमोफिलिया (रक्त लवकर न थांबण्याचा आजार) आणि डुशेन स्नायुक्षय असे चालतात. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता ५० टक्के, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची ५० टक्के. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलगा एकही आजारी होत नाही, कारण मुलाला तो वाय देतो. बापाकडून मुलाकडे आजार गेलेला एकदा जरी नक्की दिसला तरी एक्सचा विचार सोडून द्या.

याच वारशात निरोगी मुलगेही साक्ष देतात. जिची आई नक्की वाहक आहे तिची स्वतःची शक्यता १/२. तिला दोन निरोगी मुलगे झाले असतील तर ती १/५ वर येते. म्हणून निरोगी मुलग्यांचे चौकोनही काढा, "त्यांना काही नाही" म्हणून गाळू नका. डुशेनमध्ये सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानेच झालेला असतो, तेव्हा मामा ठणठणीत आहे एवढ्यावरून आजार नाकारता येत नाही. पोटऱ्या जाड दिसतात आणि जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढतं, असं दिसलं तर रक्तातलं सीके (स्नायू झिजले की वाढणारं एन्झाइम) तपासा. डुशेनमध्ये ते हजारोंत जातं. पुढची पहिली जनुकीय चाचणी एमएलपीए, कारण बहुतेक रुग्णांत जनुकाचा एखादा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो.

रक्तस्रावात एक अपवाद लक्षात असू द्या. बाळाची नाळ पडताना रक्त थांबलं नाही, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या दोन्ही नॉर्मल आल्या आणि आई-वडील नात्यातले असले तर रक्त गोठवणारा तेरावा घटक कमी असल्याचा संशय घ्या. तो अप्रभावी वारसा आहे, मुलींनाही होतो, आणि त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.

इतर चित्रं

प्रत्येक पिढीत काळी आकृती, स्त्री-पुरुष दोघांनाही, आणि बापाकडून मुलाकडेही: प्रभावी वारसा, म्हणजे एकच प्रत बिघडली तरी आजार, प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के. यात वय महत्त्वाचं. हंटिंग्टनसारखा मेंदूचा आजार मध्यमवयात उघड होतो, म्हणून तरुणपणी अपघातात गेलेल्या काकाला "निरोगी" धरू नका. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग किंवा बीजाशयाचा कर्करोग विचारताना लोक फक्त आईची बाजू सांगतात. या कर्करोगांचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, तेव्हा आत्या आणि वडिलांची आई यांची चौकशी करा.

आईच्या सगळ्या मुलांना थोडाफार त्रास, बापाकडून कोणालाच नाही, असं दिसलं तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या, आईकडूनच येणाऱ्या, ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा) विचार करतात. हे क्वचित.

त्रिकोण दोन किंवा जास्त दिसले तर दोघाही नवरा-बायकोचं कॅरिओटायपिंग (गुणसूत्रांची तपासणी) करा, फक्त बायकोचं नव्हे. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाचंही कॅरिओटायपिंग हवंच, चेहऱ्यावरून निदान पक्कं वाटलं तरीही. सुमारे ९५ टक्के बाळांत एकविसावं गुणसूत्र सुटं जास्तीचं असतं आणि ते सहसा योगायोगानं घडतं. पण तीन-चार टक्क्यांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं आणि आई किंवा वडील त्याचे वाहक असू शकतात. चौदा-एकवीसची अशी जोडणी आईत असेल तर पुढच्या बाळाचा धोका १० ते १५ टक्के, वडिलांत असेल तर बराच कमी.

वेळेचं गणित

गर्भ राहिल्यावर आधी बायकोचा अहवाल, मग नवऱ्याचा, असं करत बसू नका. दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या. वारेचा तुकडा घेऊन होणारी तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलाची १५-१६ आठवड्यांनंतर. पण त्याआधी घरातला नेमका बिघाड माहीत हवा आणि तो शोधायला काही आठवडे लागतात. कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठराविक कारणांसाठीच. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. आनुवंशिक आजारासाठी गर्भतपासणी कायदेशीर आहे, मात्र नोंदणीकृत केंद्रातच आणि लेखी संमतीनंतरच. गर्भ मुलगा की मुलगी हे सांगणं पूर्ण बंद आहे, विचारूही नका.

जनुकीय चाचणी नेहमी आधी आजारी व्यक्तीची करा, निरोगी नातेवाइकांची नंतर. मूल अत्यवस्थ असेल तर शक्यतो रक्त चढवण्याआधी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून डीएनए साठवायला सांगा. मूल गेल्यावर पुढच्या गर्भारपणात आई-वडिलांना त्याच नमुन्याची गरज पडते, आणि तेव्हा तो मिळत नाही. अहवालात "अर्थ अनिश्चित" असा बदल नोंदला असेल तर त्याच्या आधारावर गर्भाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका.

कागद पुरा झाला की कोपऱ्यात तारीख टाका. नवा जन्म, मृत्यू किंवा निदान झालं की खोडरबर घेऊन बसा. स्वच्छ प्रत काढून तिच्या झेरॉक्स करा आणि आजारी मुलाच्या मावशीला, मामाला, आत्याला, काकाला एकेक द्या, कारण त्यांनाही मुलं व्हायची आहेत. लग्न होऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलीबरोबर एक प्रत जाऊ द्या. तिच्या सासरच्या वंशावळीला माहेरची ही बाजू जोडल्याशिवाय तो कागद अर्धाच राहील.